एकच पेशंट, दोन केसपेपर

नर्सची नोकरी सोडून आम्हांला आता काही वर्षे झाली, पण सवय काही सुटत नाही. कोणाच्या घरी गेलो की आधी तेथल्या म्हाताऱ्या माणसाच्या पायांवर सूज आहे का ते पाहतो, मग खुर्चीत बसतो. पुस्तक वाचतानाही तसेच होते. लोक भाषा पाहतात, आम्ही नाडी पाहतो. तेव्हा वाचकांनी या लेखाकडून फार विद्वत्तेची अपेक्षा करू नये.

निमित्त आमच्या नातीचे. तिला शाळेत इंग्लंडमधील स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्यावर निबंध लिहायचा होता. तुरुंगात अन्नत्याग केलेल्या बायकांना नळीने जबरदस्तीने अन्न घालीत, हे वाचून ती आम्हांला म्हणाली, "सफ्ता, त्यांना खायलाच घालत होते ना? मग त्यात छळ कसला?" चाळीस वर्षे नळ्या घातलेल्या बाईला हा प्रश्न आला आणि उत्तर पटकन देता येईना. म्हणून आम्ही लेडी कॉन्स्टन्स लिटन हिचे ‘प्रिझन्स अँड प्रिझनर्स’ हे १९१४ साली लंडनला निघालेले पुस्तक मिळवून शांतपणे वाचून काढले. त्याविषयी चार शब्द लिहीत आहोत.

आधी थोडी पार्श्वभूमी. मिसेस एमेलिन पँकहर्स्ट आणि तिच्या मुलींनी १९०३ साली मँचेस्टरला विमेन्स सोशल अँड पोलिटिकल युनियन ही संस्था काढली. अर्ज-विनंत्यांत पन्नास वर्षे जवळजवळ फुकट गेली होती. १३ ऑक्टोबर १९०५ रोजी तिची थोरली मुलगी क्रिस्टाबेल आणि गिरणीत काम केलेली ॲनी केनी या दोघींनी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधील सभेत उभे राहून विचारले, तुमचे सरकार स्त्रियांना मत देणार की नाही? दोघींना सभेबाहेर काढून अटक झाली; दंड भरण्याऐवजी त्या तुरुंगात गेल्या. तेथून अटकांची रांगच लागली. जुलै १९०९ मध्ये मॅरियन वॉलेस डनलॉप या कैदी बाईने, आपल्याला राजकीय कैदी मानावे म्हणून, ९१ तास अन्न घेतले नाही. सरकारने घाबरून तिला सोडले. मग इतर बायकांनीही तेच केले. सप्टेंबर १९०९ मध्ये बर्मिंगहॅमच्या विन्सन ग्रीन तुरुंगात सरकारला नवा उपाय सापडला : नळी.

पुस्तकाची लेखिका कोण? आपल्याकडील जुन्या शाळांत इतिहास शिकलेल्यांना लिटन हे नाव ठाऊक असेल. हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड लिटन, १८७६ ते १८८० पर्यंत कारभार करणारे, १८७७ चा दिल्ली दरबार भरविणारे आणि १८७८ साली देशी भाषांतील वर्तमानपत्रांचे तोंड बांधणारा कायदा करणारे, ते हिचे वडील. हिचा जन्म १८६९ सालचा. म्हणजे बालपणाची काही वर्षे हिची हिंदुस्थानात, व्हाइसरॉयच्या घरात गेली. पुढे नवी दिल्ली उभारणारे लटियन्स हे हिच्या बहिणीचे यजमान. अशा घरातील अविवाहित, प्रकृतीने नाजूक, आईच्या सोबतीस राहिलेली मुलगी चाळिशीला येऊन तुरुंगात गेली.

पुस्तकाचा पहिला भाग आम्हांला लांबलेला वाटला. १९०८ साली लिटलहॅम्प्टन या समुद्रकाठच्या गावी ॲनी केनी व मिसेस पेथिक-लॉरेन्स यांच्याशी तिची गाठ पडली. त्याच गावी कत्तलखान्याकडे नेत असलेली एक मेंढी सुटली, लोक तिला पकडताना हसत होते, आणि त्या मेंढीत तिला स्त्रियांची दशा दिसली, असा प्रसंग आहे. प्रसंग खरा असेल, पण ती मेंढी फार काम करते. कोकणातल्या बाईला स्त्रीची दशा कळायला मेंढी लागत नाही, विहिरीवरची सकाळ पुरते. शिवाय आईविषयी लिहिताना लेखिका इतक्यांदा मनातून क्षमा मागते की, वाचणाऱ्याला वाटते, आता पुरे. मात्र येथेच एक गोष्ट कळते. ही बाई जन्मजात धीट नव्हती. भिणारी, लाजणारी, दुसऱ्याला त्रास होऊ नये म्हणून जपणारी होती. ते कळल्यावाचून पुढचे वजन कळत नाही.

२४ फेब्रुवारी १९०९ रोजी पार्लमेंटकडे निघालेल्या शिष्टमंडळात ती होती. अटक झाली, महिन्याची शिक्षा लागली आणि लंडनच्या होलोवे तुरुंगात रवानगी झाली. तिच्या हृदयात जुना दोष होता, म्हणून तिला कोठडीऐवजी तुरुंगाच्या इस्पितळात ठेवले. बाकीच्या बायका लाकडी फळीवर आणि आपण बिछान्यात, हे तिला सोसवेना. तिने सुई आणि टोपीच्या पिनेचा तुटका तुकडा घेऊन, स्वतःच्या छातीवर ‘व्होट्स’ या शब्दाचे पहिले अक्षर कोरले. पुढची अक्षरे चेहऱ्यापर्यंत न्यायचा तिचा विचार होता. हा भाग वाचून आम्ही पुस्तक मिटून ठेवले. आमच्या वॉर्डात असा पेशंट आला असता तर आम्ही आधी जखम धुतली असती आणि मग मानसोपचाराच्या डॉक्टरांना बोलावले असते. पण लेखिका येथे स्वतःला वीरांगना म्हणून मिरवत नाही की वेडी म्हणून लपवीत नाही. जसे केले तसे सांगते. अशी नोंद लिहिणारी माणसे थोडी, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

आता पुस्तकाच्या खऱ्या गाभ्याकडे येऊ. ऑक्टोबर १९०९ मध्ये न्यूकॅसल शहरात तिने एका मोटारीवर दगड मारला. पुन्हा अटक, पुन्हा शिक्षा. तिने अन्न सोडले. तुरुंगाच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून नीट तपासले, हृदयाचा आजार गंभीर आहे असे लिहिले, आणि अडीच दिवसांत तिला सोडून दिले. एका प्रसिद्ध पत्रकाराची पत्नी मिसेस ब्रेल्सफर्ड, तिलाही सोडले. ज्यांच्या मागे घराणे नव्हते, नवऱ्याचे नाव नव्हते, अशा बायका आत राहिल्या आणि त्यांना नळी घातली गेली. हा पहिला केसपेपर.

लेडी लिटनला संशय आला की आपले हृदय तपासले ते हृदय म्हणून नव्हे, लॉर्डाच्या मुलीचे हृदय म्हणून. संशय आला तर माणसे वर्तमानपत्राला पत्र लिहितात. हिने प्रयोग केला. तिने केस कापले, स्वस्तातला कोट, बेढब टोपी आणि चष्मा घेतला आणि ‘जेन वॉर्टन’ नावाची शिवणकाम करणारी बाई झाली. दिसायला जितके वाईट दिसता येईल तितके ती दिसली, कारण दिसायला सामान्य असलेल्या कैद्यांशी वागणूक अधिक वाईट असते, हे तिने आत पाहिले होते. जानेवारी १९१० मध्ये लिव्हरपूलच्या वॉल्टन तुरुंगाबाहेर निदर्शने करून तिने अटक करून घेतली. चौदा दिवसांची शिक्षा, तीही तिसऱ्या वर्गाची आणि सक्तमजुरीची.

हा दुसरा केसपेपर. पेशंट तोच, वय तेच, हृदय तेच, अन्नत्यागही तोच. मधे अंतर तीन महिन्यांचे. चार दिवस अन्नावाचून गेल्यावर डॉक्टर व पाच-सहा वॉर्ड्रेस कोठडीत आल्या. नाडी पाहिली नाही. हृदय तपासले नाही. दात उघडेनात म्हणून लोखंडी उघडणी घालून जबडा फाकवला आणि जाड, हातभराहून लांब नळी घशातून पोटात उतरविली. तिला ओकारी झाली. ती ओकली ते तिच्या केसांत, कपड्यांवर, भिंतीवर गेले. जाताना डॉक्टरांनी तिच्या गालावर चापट मारली. जोराची नव्हे, तुच्छतेची. असे आठ वेळा झाले. एकदा तिचे अंग थरथरू लागले तेव्हा वाटेने जाणाऱ्या धाकट्या डॉक्टरांना बोलावून छातीला क्षणभर कान लावायला सांगितले; हृदय झकास आहे, चालू द्या, असा निर्वाळा त्यांनी दिला. ही बाई कोण हे वरच्या अधिकाऱ्यांना कळले, तेव्हा २३ जानेवारीला तिला सोडले.

ज्यांनी नळी घातली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मुंबईत शिकताना आम्ही जिला राइल्स ट्यूब म्हणत होतो आणि येथे ज्याला सारे झोंडा म्हणतात, ती नळी नाकापासून कानापर्यंत आणि कानापासून छातीच्या हाडाखालपर्यंत मापून घेतात. पेशंटला बसते करतात. पाण्याचा घोट देऊन ‘गिळा’ म्हणतात, आणि त्या गिळण्याबरोबर नळी सरकवतात. पेशंटची मदत असेल तर नळी नीट पोटात जाते. तो झगडत असेल, ओरडत असेल, तर श्वासाची वाट उघडी असते आणि नळी फुप्फुसात जाऊ शकते. १९१३ साली होलोवेमध्ये लिलियन लेंटन या तरुण मुलीच्या बाबतीत नेमके हेच झाले. अन्न फुप्फुसात गेले, ती मरणाच्या दारात पोचली आणि तिला घाईघाईने बाहेर काढले. तेव्हा ‘हे वैद्यकीय उपचार होते’ हा सरकारचा दावा आम्ही धंद्याच्या दृष्टीनेच नाकारतो. नाडी न पाहता केलेला उपचार हा उपचार नव्हे.

हे लिहिणे सोपे आहे. न लिहिण्यासारखे एक आहे तेही लिहितो. पुष्कळ वर्षांपूर्वी, येथे नव्याने कामाला लागलो होतो तेव्हा, वॉर्डात एक म्हातारी बाई होती. डोके शाबूत होते. तिने जेवण बंद केले. "पुरे झाले," एवढेच म्हणायची. वरून हुकूम आला, नळी घाला. तिने तोंड फिरवले, नाक झाकले. आम्ही दोघींनी तिचे हात धरले, नंतर पलंगाला मऊ पट्टीने बांधले आणि नळी घातली. रात्री तिने ती उपटली. सकाळी आम्ही पुन्हा घातली. तिसऱ्या दिवशी ती आमच्याकडे पाहीनाशी झाली. आम्हांला कोणी वाईट म्हटले नाही. उलट नळी चटकन जाते म्हणून आमचे नाव झाले. लिटनबाईंच्या पुस्तकातल्या त्या वॉर्ड्रेस वाचताना आम्हांला स्वतःचे हात दिसले.

म्हणूनच या पुस्तकाचा सर्वांत मोठा गुण आम्हांला हा वाटतो की, लेखिका त्या वॉर्ड्रेसना राक्षसिणी करीत नाही. कोणाच्या हातात हळुवारपणा आहे, कोण नजर चुकवते, कोण नुसती थकलेली आहे, हे ती टिपते. आपल्यासारखीच पगारावर जगणारी बाई आपले डोके दाबून धरते आहे, हे तिला कळते. राग तिने वर ठेवला आहे, ज्यांनी हुकूम दिला आणि ज्यांनी त्या हुकुमाला वैद्यकाचे नाव दिले त्यांच्यावर. डिसेंबर १९०९ मध्ये मेरी ली या कैदी बाईने गृहमंत्री ग्लॅडस्टन यांच्यावर दावा लावला, तेव्हा कैद्याचा जीव राखणे हे तुरुंगाधिकाऱ्यांचे कर्तव्यच आहे असे न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितले आणि ती हरली. उलट सर व्हिक्टर हॉर्स्ली यांच्यासारख्या नामांकित सर्जनने दोन सहकाऱ्यांसह १९१२ साली या प्रकाराविरुद्ध अहवाल प्रसिद्ध केला. म्हणजे त्या काळातही डॉक्टरांना कळत नव्हते असे नाही.

आता दोष. पहिला दोष आम्हा हिंदुस्थानातून आलेल्यांनाच दिसेल असा आहे. हिचे वडील व्हाइसरॉय असताना १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ पडला. दख्खनेत, मद्रासेत, म्हैसुरात मिळून पन्नास लाखांवर माणसे मेली. धान्य देशाबाहेर जात राहिले आणि सरकार खर्चाला हात आखडत राहिले. दुष्काळी कामावरील मजुराला दिवसाला एक रत्तल धान्य पुरे, असा सर रिचर्ड टेंपल यांनी हिशेब बांधला. आपल्या मुंबई इलाख्यातील मजुरांनी त्याविरुद्ध काम सोडले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. ज्या मुलीच्या घरात त्या दुष्काळाचे कागद येत-जात होते, तिनेच पुढे उपासमारीवर एवढे पुस्तक लिहिले. पण त्या भुकेची सावलीदेखील आम्हांला या पुस्तकात आढळली नाही. तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती, तिला दोष देता येत नाही. चव्वेचाळीस-पंचेचाळिसाव्या वर्षी लिहिताना मात्र आठवण यायला हरकत नव्हती. एका सरकारने बापाच्या हाताने लाखोंना अन्न दिले नाही, आणि त्याच राज्याच्या सरकारने मुलीच्या घशात अन्न कोंबले. दोन्ही ठिकाणी माणसाला विचारले नाही, हा धागा तिच्या हाताशी होता, तो तिने उचलला नाही.

दुसरा दोष असा. पुस्तक निघाले त्या सुमारास चळवळ दगडांच्या पुढे गेली होती. १९१२ नंतर टपालपेट्या जळत होत्या, रिकाम्या घरांना आगी लागत होत्या, बॉम्बही ठेवले जात होते. त्यात कोणी निरपराध दुखावले तर काय, हा प्रश्न लेखिकेने आम्हांला समाधान होईल इतका हाताळला नाही. आपल्या देहाला झालेली इजा सोसणे एक, आणि दुसऱ्याच्या देहाला धोका घालणे दुसरे. पहिल्याविषयी तिने खोल लिहिले आहे, दुसऱ्यापाशी तिची लेखणी घाईत आहे.

तिसरे म्हणजे, जेन वॉर्टन हा वेष होता. वेष उतरवता येतो. सेलिना मार्टिनसारखीला वॉल्टनमध्ये काय भोगावे लागले ते ऐकूनच लिटनबाई तेथे गेली. पण सेलिनाची सुटका आडनाव सांगून होण्यासारखी नव्हती. लेखिकेला हे पुरते ठाऊक आहे, आणि तिने तसे कबूलही केले आहे. तरी वाचकाच्या मनात शेवटी लेडीच राहते. २०१५ साली ‘सफ्रजेट’ नावाचा इंग्रजी चित्रपट निघाला, त्यात उलट धोबीकारखान्यात राबणारी एक कल्पित बाई मध्ये ठेवली आहे. हेतू चांगला, पण नळीचा प्रसंग तेथे काही क्षणांत संपतो. पडद्यावर तो पाहवत नाही. पुस्तकात तो वाचवत नाही तरी वाचावा लागतो. आमच्या मते पुस्तकाचे काम पक्के आहे.

या पुस्तकाची किंमतही सांगितली पाहिजे. मे १९१२ मध्ये तिला पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली. हे सबंध पुस्तक तिने डाव्या हाताने लिहिले. १९१८ साली तीस वर्षांवरील व थोडीफार मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या स्त्रियांना मत मिळाले, ते तिने पाहिले. १९२८ साली पुरुषांच्या बरोबरीने एकविसाव्या वर्षी मिळाले, ते पाहायला ती नव्हती. १९२३ साली ती वारली. होलोवे तुरुंगही २०१६ साली बंद झाला. आपल्या मुंबई इलाख्यात काही स्त्रियांना १९२१ साली मत मिळाले, आणि या देशात तर राज्य उभे राहिले तेव्हापासून पेटी आपल्यासमोर आहे. म्हणून आपल्याला ती फुकटची वाटते.

नळीचा प्रश्न मात्र जुना झालेला नाही. जगातील डॉक्टरांच्या संघटनेने १९७५ साली टोकियोला ठरविले की, समजून-उमजून अन्न सोडलेल्या कैद्याला डॉक्टरांनी जबरदस्तीने अन्न घालू नये. तरी आपल्या क्नेसेटने २०१५ साली कोर्टाच्या परवानगीने तसे करू देणारा कायदा केला. येथल्या डॉक्टरांच्या संघटनेने विरोध केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली कायदा कायम ठेवला. त्यातील राजकारणावर वाचकांची मते वेगवेगळी असतील, आणि ती असू द्यावीत. कैदी आपल्या मनाजोगा आहे की नाही, याचे उत्तर कायद्याने द्यावे. पण हात धरायला शेवटी नर्सलाच बोलावतात. आपल्या घरोघरी आज मुली, सुना, नाती नर्स आहेत. त्यांनी हुकूम येण्यापूर्वी हे पुस्तक वाचलेले असावे, असे आम्हांला मनापासून वाटते. आम्हांला ते वेळेवर मिळाले असते तर निदान डॉक्टरांना एक प्रश्न तरी विचारला असता.

आणि अर्ज-विनंत्यांनी भागत नाही तेव्हा माणसे काय करतात, हे बेने इस्राएलांना इंग्लंडकडून शिकायला नको. १९६४ साली आपल्या लग्नांच्या प्रश्नावर जेरुसलेमला आपल्याच वडीलधाऱ्यांनी धरणे धरले होते. आम्ही तेव्हा मुंबईत लहान होतो, पण घरात त्याचीच चर्चा असे. ते कोणाला दगड मारायला गेले नव्हते. ‘आम्ही कोण हे आम्हांला विचारा’ एवढेच त्यांचे मागणे होते. जेन वॉर्टनचेही याहून वेगळे नव्हते.

राहिला नातीचा प्रश्न. तिला आम्ही असे सांगितले : दारफाळणीच्या सणाला आपण सारे उपास धरतो. कोणी आजारी असेल तर त्याने तो मोडावा, जीव राखावा, ही आपल्या धर्माचीच आज्ञा आहे. पण तेव्हा घरातले माणूस त्याच्यापाशी बसते, समजावते आणि घास त्याच्या हातात देते. तो घास घेईपर्यंत थांबते. थांबायचे सोडून जबडा उघडला की ते खायला घालणे राहत नाही.

तिने ते वहीत लिहून घेतले आणि विचारले, "सफ्ता, तुम्ही कधी कोणाचा उघडला होता?" आम्ही हो म्हणालो. निबंधात ते घालू का, असे तिने विचारले. घाल म्हटले, फक्त आजीचे नाव घालायचे तर नीट घाल, दुसऱ्या नावाने नको.